पेज झाल्यावर एक गोळी

डॉक्टरांचं अक्षर वाईट असतं म्हणतात. मी बत्तीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रांच्या औषधखिडकीत बसून ते वाचलं. माझ्या मते अक्षर बिचारं बरं असतं, फक्त घाईत असतं, आणि घाई कसली आहे ते खिडकीत बसलेल्याला कळतं. बाहेर साठ माणसं बसली आहेत ही घाई वेगळी आणि चार वाजता पणजीकडे निघायचंय ही वेगळी. पहिल्या घाईत शब्दाचं शेपूट तुटतं. दुसऱ्या घाईत औषधांची संख्या वाढते, कारण माणसाला एक प्रश्न विचारायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात पाचवं औषध लिहून होतं.

चार केंद्रं फिरलो. नावं घेत नाही, त्यातल्या दोन ठिकाणी अजून माझी माणसं आहेत. चारही नव्या काबिजादीतली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: तिसवाडी, बार्देश, सासष्टी या पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादी, आणि अठराव्या शतकात त्यांच्या हाती आलेले पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडे, सांगे, केपे, काणकोण या नव्या. राज्य जाऊन साठाहून अधिक वर्षं झाली, तरी डॉक्टरची बदली कुठून कुठे व्हावी असं त्याला वाटतं याचा नकाशा काढलात, तर ती जुनी रेघ जवळजवळ जशीच्या तशी उमटेल.

या बत्तीस वर्षांत माझ्यासमोर एकोणीस डॉक्टर आले आणि गेले. कुणी तीन महिने टिकला. एक बाई सात वर्षं राहिल्या. बाकीचे यांच्यामध्ये कुठेतरी.

महाराष्ट्रातले पाहुणे हे ऐकून हसतात. गोव्यात कसलं आलंय दुर्गम? अख्खं राज्य ३७०२ चौरस किलोमीटरचं, तुमच्या एखाद्या जिल्ह्याच्या कोपऱ्यात मावेल. खरं आहे. घाटाच्या पायथ्यापासून बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ तास-दीड तासावर. पण आमची गोची तिथेच आहे. गडचिरोलीत किंवा मेळघाटात गेलेल्या डॉक्टरला रोज घरी जाता येत नाही. तो एक तर राहतो, नाही तर जातच नाही. आमचा डॉक्टर रोज येतो आणि रोज जातो. त्यामुळे कागदावर जागा भरलेली, हजेरी लागलेली, तक्रार करायला जागा नाही, आणि संध्याकाळी पाचनंतर गावात डॉक्टर नाही. खाटा असलेल्या केंद्रात रात्रपाळी असते, पण लहान ग्रामीण दवाखान्यात ती कुठली? तिथल्या डॉक्टरच्या क्वार्टरची किल्ली बहुतेक वेळा माझ्याच खिळ्यावर लटकलेली असायची. पावसाळ्याआधी मी दार उघडून वटवाघळं हाकलायचो, एवढाच त्या घराचा उपयोग.

डॉक्टर घडवण्यात गोवा मागे होता असं कुणी म्हणू नये. पणजीला एश्कोला मेदिको-सिरुर्जिका, म्हणजे पोर्तुगिजांची वैद्यकीय शाळा, उघडली १८४२ साली. मांडवीच्या काठावरच्या तिच्या जुन्या इमारतीत आता चित्रपट महोत्सवाची लगबग असते. शंभराहून अधिक वर्षं तिथून डॉक्टर बाहेर पडत राहिले. त्यांतले कितीतरी मोझांबिक-अंगोलाला गेले; साम्राज्याला तिकडे माणसं हवी होती आणि इथल्या पदवीवर खुद्द पोर्तुगालात सरळ व्यवसाय करता येत नव्हता. म्हणजे आमच्या डॉक्टरची बोट आफ्रिकेला पोहोचायची, पण म्हादईच्या पलीकडे जायची नाही. मुक्तीनंतर १९६३ मध्ये त्या शाळेचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं. आमच्या वर्तमानपत्रांचं ‘गोमेकॉ’, आणि गावच्या तोंडी नुसतं ‘बांबोळी’. ‘बांबोळीक धाडलो’ म्हटलं की घरातल्या बायका देवासमोर दिवा लावतात.

तर अक्षर. नवा डॉक्टर आला की पहिल्या आठवड्यातली चिठ्ठी साधारण सारखीच असते: चार-पाच औषधं, त्यांतली दोन आमच्या फडताळात नसलेली, एक कंपनीच्या नावाने लिहिलेलं. मी खिडकीतून उठून आत जातो आणि हळूच सांगतो, ‘दोतोर, हें ना आमगेर.’ काही जण चिडतात, काही लाजतात. महिन्याभरात फडताळ पाठ होतं. पण त्याहून अवघड गोष्टी फडताळात नसतात.

पेजेचंच घ्या. ‘नाश्त्यानंतर एक गोळी’ असं प्रत्येक नवा डॉक्टर लिहितो. आमच्याकडे शेतावर, कुळागरात, काजीच्या बागायतीत जाणारं माणूस सकाळी सहाला काळा चहा पिऊन घराबाहेर पडतं. पोटात खरं अन्न जातं ते दहा-अकराला: उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड, असला तर खाऱ्या बांगड्याचा तुकडा. मधुमेहाची गोळी चहावर घेतली की मळमळतं, नाहीतर घुंवळ येते, म्हणजे चक्कर. मग माणूस गोळी सोडतो आणि पुढच्या महिन्यात साखर वाढलेली बघून डॉक्टर गोळी वाढवतो. हे चक्र मी किती वेळा फिरताना पाहिलं! सात वर्षं राहिलेल्या त्या बाईंनी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या महिन्यात चिठ्ठीवर पहिल्यांदा लिहिलं, ‘पेज झाल्यावर १’. ती चिठ्ठी हातात आली तेव्हा मी खिडकीतून वाकून बाईंच्या खोलीकडे पाहिलं होतं. दुसऱ्या कुणाला त्या तीन शब्दांत काही दिसलं नसतं.

भाषेचं तर विचारू नका. एकदा इंटर्न आला, अखिल भारतीय कोट्यातून गोमेकॉत शिकलेला, नागपूरकडचा. मराठी उत्तम, पोरगा गुणी. त्याला वाटलं, इथे मराठी पेपर वाचतात, मराठी भजनं म्हणतात, मराठी नाटकं बसवतात, आपलं निभेल. एक म्हातारा त्याच्यासमोर बसला आणि म्हणाला, ‘दोतोर, दोन दीस म्हाका जोर आयला.’ पोरगा खूश. ‘अरे वा, छान!’ म्हणाला. म्हाताऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. कोंकणीत जोर म्हणजे ताप, हे त्याला साडेचार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण बांबोळीला रोगी वॉर्डात पोहोचेपर्यंत त्याचा जोर थर्मामीटरमधून गेलेला असतो आणि केस पेपरवर इंग्रजीत उतरलेला असतो.

पण सगळ्यात मोठा धडा २०१५ चा. सत्तरीत, पाळी गावाकडे माणसं तापाने पडू लागली आणि तो माकडताप निघाला. क्यासनूरच्या जंगलातला आजार, कर्नाटकात शिमोग्याकडे १९५७ मध्ये पहिल्यांदा सापडलेला. रानात माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचडी पाल्यापाचोळ्यात पसरतात आणि माणसाला चावतात. गंमत पाहा (गंमत कसली म्हणा), या तापाचे महिने आणि आमचे काजूचे महिने एकच. फेब्रुवारीपासून मेपर्यंत अख्खं कुटुंब पहाटे काजीत शिरतं, पाचोळ्यात हात घालून बोंडू वेचतं. घरचं वर्षभराचं मीठ-मिरची त्यावर. ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला देणाऱ्याने मग त्या घराला मीठ-मिरचीही द्यावी. माणसं गेली त्या तापात. नंतर लसीकरण आलं, गोचडी लागू नयेत म्हणून अंगाला फासायचं तेल आलं. लस दुखायची, पुन्हा पुन्हा घ्यावी लागायची. दुसऱ्या डोसाला अर्धी माणसं गायब. पुढे ती लसही बंद झाली.

त्या दिवसांत आमच्याकडे एक तरुण डॉक्टर होता. पुस्तकात शिकवतात तसं तापाच्या माणसाला ‘प्रवास केलात का?’ असं विचारायचा. माणसं ‘ना’ म्हणायची. घरापासून अर्धा तास चालत काजीत जाणं हा काय प्रवास आहे? मग आमच्या सिस्टरने त्याला प्रश्न बदलून दिला: ‘काजींत गेल्लो?’ आणि त्याच्या पुढचे दोन: ‘माकड मेल्लें दिसलें?’ ‘गोचड आंगाक लागली?’ त्या तीन प्रश्नांनी जे बाहेर आलं ते आधीच्या दहा प्रश्नांनी आलं नव्हतं. दोन हंगाम तो पोरगा हेच विचारत राहिला. मग त्याला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला आणि तो गेला. मी त्याला पेढे दिले. त्याच्या जागी आलेल्या डॉक्टरने पहिल्याच सोमवारी तापाच्या बाईला विचारलं, ‘प्रवास केलात का?’

केस पेपरवर नाव, वय, लिंग, गाव यांना रकाने आहेत. काजीला रकाना नाही. म्हणून डॉक्टर जातो तेव्हा त्याच्याबरोबर तो प्रश्नही जातो, आणि गावाला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

भोर समितीने १९४६ मध्येच म्हटलं होतं की डॉक्टर हा समाजाचा डॉक्टर व्हायला हवा, त्यासाठी शिकतानाच त्याचे तीन महिने त्या कामात जावेत. इंटर्नना गावात पाठवतात ते त्याच धाग्याचं टोक. गोमेकॉचं ग्रामीण केंद्र मांडूरला आहे. अलीकडे एमबीबीएसच्या पोरांना काही कुटुंबं दत्तक देतात, आणि पदव्युत्तर शिकणाऱ्यांना तीन महिने जिल्हा इस्पितळात पाठवायचा नियम झाला आहे. सगळं चांगलंच आहे. मला फक्त ‘दत्तक’ या शब्दाचं हसू येतं. आमच्या घरांत ही पोरं येतात तेव्हा कोण कुणाला दत्तक घेतं ते चहा देणाऱ्या म्हातारीला विचारा.

पोरांना घडवणारी माणसं कोण, हे कोणत्याच कागदावर येत नाही. एक रात्र सांगतो.

खाटा असलेल्या केंद्रात होतो तेव्हा. मी आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहायचो, औषधखोलीची किल्ली माझ्याकडे. रात्री अकराच्या सुमाराला दार वाजलं. गोठ्यात गेलेल्या बाईला साप चावला होता. नवऱ्याने साप मारून खताच्या पिशवीत घालून आणला होता, आणि ती पिशवी तो काही केल्या हातातून सोडेना. ड्युटीवरचा डॉक्टर नोकरीला लागून सहा आठवडे झालेला. हुशार होता, सापाच्या विषावर मला व्याख्यान देऊ शकला असता. पण त्याने आजवर पाहिलेले सर्पदंश बांबोळीचे, म्हणजे आधीच कुणीतरी सलाईन लावून पाठवलेले. तो ‘कुणीतरी’ आज तोच होता.

बाईचा पाय घोट्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून बारीक रक्त. डॉक्टर म्हणाला, ‘१०८ बोलवा, बांबोळीला पाठवू.’ सिस्टर म्हणाली, ‘बोलावलीय. तोवर नळी लावूया ना, डॉक्टर?’ काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. वीस मिनिटांनी तिरकं करायचं. गोठलं असेल तर ठीक, नसेल तर विष रक्तात भिनलंय. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही नको. सिस्टरने अशा चार नळ्या कापसाच्या डब्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वीच्या एका रात्री नळी मिळाली नव्हती, तेव्हापासून ठेवत होती.

वीस मिनिटं आम्ही चौघं त्या नळीकडे बघत बसलो. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अडखळत चालायचा, तो आवाज एवढा मोठा कधी वाटला नव्हता. मग डॉक्टरने नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

मी प्रतिविषाच्या दहा कुप्या फोडायला घेतल्या. भुकटी असते ती. पाणी घालून हळूहळू फिरवायची, जोरात हलवली तर फेस होतो. डॉक्टरचे हात थरथरत होते. त्याला भीती सापाची नव्हती, औषधाची होती. प्रतिविषाने एखाद्याला अशी उलट प्रतिक्रिया येते की माणूस हातचा जायचा. त्या भीतीपोटी किती तरुण डॉक्टर एकही कुपी न देता रोग्याला पुढे पाठवतात, आणि रस्त्यात जायचा तो वेळ जातो. सिस्टरने न विचारता अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये त्याच्या उजव्या हाताला ठेवलं. काही बोलली नाही. ट्रे थोडा सरकवला, बस. सलाईन सुरू झालं. दहा मिनिटांत बाईच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. डॉक्टरने सलाईन थांबवलं, ट्रेमधली सिरिंज उचलली, दिली. मग पुन्हा सलाईन, हळू. गाडीत तो स्वतः बसून गेला.

बाई घरी आली. ते पोरगं त्यानंतर अकरा महिने होतं, आणि त्याच्या हाताची थरथर मला पुन्हा दिसली नाही. पुढे हाडांचा डॉक्टर झाला. चांगलाच असणार. त्याच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाची सही आहे, सिस्टरची नाही.

बाँड घाला, दंड वाढवा, असं पेपरात अधूनमधून येतं. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा, असा बाँड आहे. माझं मत विचाराल तर एक वर्षाचा बाँड म्हणजे आंब्याचं कलम लावून मोहर आला की उपटायचं. पहिले सहा महिने गाव डॉक्टरला शिकवतं, पुढचे तीन महिने डॉक्टर गावाला उपयोगी पडतो, आणि शेवटचे तीन महिने तो प्रवेश परीक्षेचा अभ्यास करतो. जपानात जिची नावाचं वैद्यकीय विद्यापीठ आहे, १९७२ सालचं. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घेतात, फी माफ, आणि बदल्यात शिक्षणाच्या दीडपट, म्हणजे नऊ वर्षं आपापल्या प्रांतात काम. नऊ वर्षांत माणसाचं लग्न होतं, पोरं शाळेत जातात, पेजेची वेळ कळते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० मध्ये पहिली शिफारस हीच केली: गावातल्या मुलांना वैद्यकीय शिक्षणात घ्या, तीच परत येण्याची शक्यता जास्त.

हे मी सगळ्यांना ठणकावून सांगायचो. मग आमच्या सफाईच्या मावशीची लेक डॉक्टर झाली.

माझ्या औषधखोलीत रिकाम्या खोक्यावर बसून तिने पाढे पाठ केले होते. गोमेकॉत गेली, इंटर्न म्हणून आमच्याच केंद्रात काही आठवडे आली. एक म्हातारी होती, पंधरा वर्षं माझ्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या नेणारी. प्रत्येक महिन्याला तीस, मी मोजून देणार, दाब मात्र कधी ताब्यात नाही. पोरीने तिला विचारलं, ‘आजये, कितें जाता गो?’ आणि पाच मिनिटांत म्हातारीने सांगून टाकलं: रोज गोळी अर्धी मोडते, अर्धी आपण घेते, अर्धी म्हाताऱ्याला देते. त्यालाही दाब, पण तो दवाखान्यात यायला तयार नाही. पंधरा वर्षं मी तीस मोजत होतो, आणि त्या घरात साठ अर्ध्या जात होत्या.

मला वाटलं, मिळाली आपल्याला डॉक्टर. पोरीने रेडिओलॉजी घेतली, तीही दुसऱ्या राज्यात.

मी बोललो तिला. बोलायला नको होतं. ती म्हणाली, ‘भाई, तुमी गांवांत रावले कित्याक? तुमची बदली जावंक ना म्हूण.’ हे खरं होतं. पणजीच्या बदलीसाठी मी दोनदा अर्ज केला होता, आणि तो टाइप करताना ती खोक्यावरच बसलेली होती. मग मराठीत, जरा रागाने म्हणाली, ‘मिरामारच्या डॉक्टरच्या मुलाला कुणी म्हणत नाही की तू आपल्या वाड्यावर परत जा. माझी आई वीस वर्षं तिथली लादी पुसतेय. मीही तिथेच राहायचं, असा नियम आहे का?’

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. जपानातही नऊ वर्षं एकट्याच्या माथी मारत नसतील. कुणी रजा देणारं, रात्री फोन उचलणारं, पुढे शिकायची वाट ठेवणारं मागे उभं असणार. आमच्याकडे पोरगी एकटी, क्वार्टर वटवाघळांचं, आणि वर उपदेश माझा.

निवृत्तीच्या वर्षी मी एक वही केली. साधी दोनशे पानी, वर लिहिलं ‘नव्या डॉक्टरांसाठी’. जोर म्हणजे ताप. गोळी पेज झाल्यावर. नवरा येत नसेल तर बायकोला विचारा गोळी कोण कोण घेतं. काचेच्या नळ्या कापसाच्या डब्यात, डबा सिस्टरच्या कपाटात खालून दुसरा कप्पा. तापाच्या माणसाला विचारा काजीत गेला होता का. असं बरंच. सिस्टरने वाचून तीन चुका काढल्या. एकोणिसाव्या डॉक्टरने पानांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवले, वही टेबलाच्या खणात गेली, आणि मी घरी आलो.

गेल्या श्रावणात मला सर्दी-ताप झाला म्हणून त्याच केंद्रात गेलो. आता रांगेत, खिडकीच्या या बाजूला. बाहेर पाऊस असा की समोरचा फणस दिसत नव्हता. नवा डॉक्टर, विसावा, वयाने माझ्या नातवासारखा; मला ओळखत नव्हता. घसा बघितला, छाती तपासली, आणि गंभीर चेहऱ्याने, पाठ केल्यासारख्या कोंकणीत विचारलं:

‘काजींत गेल्लो?’

मी म्हटलं, ‘दोतोर, काजू फेब्रुवारीत.’

त्याने खण उघडून वही काढली आणि लिहून घेतलं.